ढालीवरचा सिंह नक्की काय सांगतो? कोट ऑफ आर्म्स आणि त्यांचे अर्थ

गडवाट:

मंडळी, बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. कोट ऑफ आर्म्स म्हणजे ती ढाल, वर शिरस्त्राण, त्यावर तुरा, दोन्ही बाजूंना उभे प्राणी आणि खाली पट्टीवर ब्रीदवाक्य, हे चित्र आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. बोलणं निघालं की पहिला प्रश्न हमखास येतो, लाल म्हणजे काय, सिंह म्हणजे काय. नेटवर तयार तक्तेही मिळतात, लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, सिंह म्हणजे धैर्य वगैरे. माझं म्हणणं असं की हे तक्ते आधी बाजूला ठेवा, त्याशिवाय या चिन्हांचा खरा अर्थ हाती लागत नाही.

कारण सुरुवात झाली तेव्हा असा काही कोश नव्हताच. बाराव्या शतकाच्या मध्यावर युरोपात हे सुरू झालं. फ्रान्समधल्या आंजूचा सरदार जॉफ्री प्लांटाजेनेट ११५१ मध्ये गेला, त्याच्या थडग्यासाठी केलेला मीनाकामाचा पत्रा आजही ल मान्सला आहे, त्यात त्याच्या हातात निळी ढाल आणि तिच्यावर सोनेरी सिंह. आता हे नुसती नक्षी म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याचा नातू विल्यम लाँगस्पी, जो १२२६ मध्ये वारला, त्याचं थडगं इंग्लंडात सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये आहे आणि त्याच्याही ढालीवर तेच निळ्यावर सोनेरी सिंह! आजोबांचं चिन्ह नातवाने चालवलं, तिथून खरी गोष्ट सुरू होते. सिंहाचा अर्थ इथे 'मी शूर आहे' यापेक्षा 'मी त्यांचा नातू आहे' असा जास्त आहे. आणि सिंह तर इतके जण लावायचे की ज्याला स्वतःची ढाल नाही तो सिंह लावतो, अशी फ्रेंचमध्ये म्हणच होती.

रंगांचंही तसंच. सोनं आणि चांदी (म्हणजे पिवळा आणि पांढरा) हे दोन धातू, आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. नियम एकच पण कडक, धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. त्यात गूढ काही नाही, लांबून दिसलं पाहिजे एवढाच हेतू, आपल्या रेल्वे स्टेशनच्या पाट्या पिवळ्यावर काळ्या अक्षरांत असतात तसंच. हा नियम मुद्दाम मोडलेलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जेरुसलेमच्या राज्याचं चिन्ह, चांदीवर सोन्याचे क्रूस.

मग अर्थ येतो कुठून? तर बऱ्याचदा नावातून. स्पेनमधल्या कास्तिल राज्याच्या ढालीवर किल्ला (नावातच कॅसल), लिऑनच्या ढालीवर सिंह (नावातच लायन). इंग्लंडच्या दिवंगत राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या आईचं माहेर बोज-लायन, त्यांच्या ढालीवर धनुष्यं आणि सिंह. शेक्सपिअरच्या वडिलांना १५९६ मध्ये चिन्ह मिळालं, सोनेरी ढालीवर काळा तिरपा पट्टा आणि त्यावर भाला, वर तुऱ्यात भाला धरलेला ससाणा, कारण आडनावातच भाला आहे. (पुढे १६०२ मध्ये राल्फ ब्रूक नावाच्या, चिन्हांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने तक्रार केली की असल्या नटांना कसली चिन्हं देता. त्या तक्रारीमुळे कळतं की हे चिन्ह म्हणजे समाजात मिळालेली जागा होती आणि नाटकात काम करणाऱ्या माणसाने ती मिळवलेली काहींना सहन होत नव्हती.)

अलीकडचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये लग्नाच्या आधी केट मिडलटनच्या वडिलांना चिन्ह दिलं गेलं. त्यात तीन एकॉर्न, म्हणजे ओक झाडाची फळं, कारण मुलं तीन आणि ती ज्या बर्कशायर भागात वाढली तिथे ओक भरपूर. मधे सोनेरी पट्टा, कारण आईचं माहेरचं आडनाव गोल्डस्मिथ. आता कुठल्याही तक्त्यात शोधा, एकॉर्न म्हणजे तीन भावंडं असं सापडणार नाही. तो अर्थ त्या घराचा आहे आणि ते घर माहीत असलेल्यालाच वाचता येतो.

आपल्याकडच्या संस्थानांबद्दल प्रतिसादांत लिहितो, इथेच लांबलं.

---

निळी_शाई:

फार छान धागा. रंगांबद्दल थोडी भर घालते. मध्ययुगाच्या शेवटी शेवटी काही लेखकांनी हे रंग ग्रहांना आणि रत्नांना जोडायला सुरुवात केली, ते वाचताना मला आपले नवग्रह आठवत होते म्हणून सहज शेजारी शेजारी मांडून बघितलं. त्यांच्याकडे लाल म्हणजे मंगळ आणि माणिक, आपल्याकडे माणिक सूर्याचं आणि मंगळाला पोवळं. त्यांचा निळा म्हणजे गुरू आणि नीलम, आपल्याकडे नीलम शनीचा, लोक घालायला घाबरतात. त्यांचा काळा म्हणजे शनी आणि रत्न चक्क हिरा! आपला हिरा शुक्राचा. हिरवा त्यांच्याकडे शुक्र आणि पाचू, आपल्याकडे पाचू बुधाचा. सोनेरीला त्यांनी सूर्य आणि पुष्कराज दिला, आपण पुष्कराज गुरूला देतो. जुळतं ते फक्त एक, चांदी, चंद्र आणि मोती. म्हणजे रंगात मुळातच काही अर्थ असता तर दोन्हीकडे इतका फरक पडलाच नसता ना, गडवाट यांचा मुद्दा मला यावरून पटतो.

---

सह्यदूत:

+१ निळी_शाई, हे असं शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

मला एक विचारायचंय. आपल्याकडे देवक असतंच की. मोऱ्यांचं मोरपीस, कदमांचं कळंब, कित्येक कुळांचं पंचपालवी. लग्नाआधी देवक बसवतात, एकच देवक असेल तर सोयरीक होत नाही. हे आपलं कोट ऑफ आर्म्स नाही का? यातही नावावरून चिन्ह आहेच, मोरे-मोर, कदम-कळंब.

---

गडवाट:

@सह्यदूत, प्रश्न एकदम मर्मावरचा आहे. मला दोन्हीत मोठा फरक दिसतो. देवक पूजेचं असतं, घरात बसवायचं असतं, ते झाड तोडायचं नाही, तो पक्षी मारायचा नाही, असे त्याचे नियम असतात. ते जगाला दाखवण्यासाठी नसतं. कोट ऑफ आर्म्स सगळंच दाखवण्यासाठी, रणांगणात, दारावर, शिक्क्यावर, थडग्यावर. दुसरं म्हणजे देवक अख्ख्या कुळाचं एकच, थोरला धाकटा असा भेद नाही. इंग्लंडात मात्र भावाभावांत फरक दाखवायला खुणा असतात, थोरल्याला वर तीन दात असलेली पट्टी (वडील हयात असेपर्यंत), दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला चांदणी, चौथ्याला पाय नसलेला पक्षी. तो बिनपायाचा पक्षी का, तर धाकट्याला उभं राहायला जमीनच वाट्याला येत नाही, असं नंतरच्या लेखकांनी सांगितलं. अर्थ मागाहून चिकटवलेला असला तरी त्यात त्या समाजातला वारसाहक्क पूर्ण दिसतो.

देवकाच्या जवळ जाणारं काही युरोपात शोधायचं तर पोलंडकडे बघावं लागेल. तिथे एकच चिन्ह शेकडो घराण्यांत चालतं, आडनावं वेगळी, एकमेकांशी रक्ताचं नातंही बऱ्याचदा नाही, पण चिन्ह एक. अर्थात सोयरिकीचा नियम तिथे नाही.

---

ताम्रपट:

देवकावर थांबू नका, आपल्याकडे राजघराण्यांची लांछनं (म्हणजे राजचिन्हं) होती आणि ती तर उघड उघड दाखवण्यासाठीच होती. बदामीच्या चालुक्यांचा वराह, राष्ट्रकूटांचा गरुड, देवगिरीच्या यादवांचाही गरुड, कदंबांचा सिंह आणि ध्वजावर वानर. ताम्रपट ज्या कडीत ओवलेले असतात त्या कडीच्या मुद्रेवर हे चिन्ह असतं आणि मजकुरात राजाच्या बिरुदांमध्ये 'सुवर्णगरुडध्वज' असंही येतं. म्हणजे चिन्ह, ध्वज आणि बिरुद असा पूर्ण संच तयार होता, आणि जॉफ्रीच्या सिंहांच्या कितीतरी आधी.

गोव्याच्या कदंबांचा सिंह तर आजही तुम्हाला रोज दिसू शकतो, कदंब परिवहनच्या बसवर.

आणि शिवरायांच्या राजमुद्रेचाही इथे विचार व्हायला पाहिजे. त्या अष्टकोनी मुद्रेवर चित्र काहीच नाही, ना प्राणी ना शस्त्र, आहे तो संस्कृत श्लोक, प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाला वंद्य अशी ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा लोकांच्या भल्यासाठी शोभते आहे. बापाचं नाव, स्वतःचं नाव, आकांक्षा आणि राज्य कशासाठी ते, सगळं एका श्लोकात. ढालीवर जे चित्रांनी सांगायचं ते इथे अक्षरांनी सांगितलं. २०२२ मध्ये नौदलाचं नवीन निशाण आलं तेव्हा त्यातला अष्टकोन याच मुद्रेवरून घेतला, तो बघताना ऊर भरून आला होता.

---

मांडवीकाठ:

गोव्याचा विषय निघालाच आहे तर. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेलात तर वर बघायच्या आधी खाली बघा. अख्खी जमीन थडग्यांच्या शिळांची आहे आणि बऱ्याच शिळांवर घराण्याची चिन्हं कोरलेली आहेत, लोक त्यावरून चालत जातात आणि वेदीचे फोटो काढतात. नावं झिजली तरी ढालीचा आकार, वरचं शिरस्त्राण, आतले पट्टे अजून कळतात. ज्याचं नाव पुसलं गेलं तो कोणत्या घरचा हे चिन्हावरून सांगता येतं, म्हणजे ज्या कामासाठी ते बनलं ते काम ते अजून करतंय.

तिथून जवळच व्हाइसरॉयची कमान आहे, वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, व्हाइसरॉय असताना उभारलेली (आत्ताची १९५४ ला पुन्हा बांधलेली). तिच्यावर हरीण आहे. गाईड लोक ते हरीण दाखवतात पण का ते सांगत नाहीत. पोर्तुगीज भाषेत गामा म्हणजे हरिणी. झालं, वर गडवाट यांनी सांगितलं तसंच, नाव चित्रात.

पोर्तुगालच्या राजचिन्हात पाच छोट्या निळ्या ढाली असतात, त्यांचा अर्थ काही जण सांगतात ११३९ च्या उरिकच्या लढाईत हरवलेले पाच मूर राजे, काही सांगतात येशूच्या पाच जखमा. दोन्ही अर्थ चिन्हानंतर बऱ्याच काळाने आलेत असं मानलं जातं. पण मी याला खोटं म्हणणार नाही, लोकांनी पिढ्यानपिढ्या जो अर्थ मनाशी धरला तोही त्या चिन्हाचाच भाग होतो असं मला वाटतं.

---

गडवाट:

मांडवीकाठ, शेवटचं वाक्य फार आवडलं, आणि त्यावरूनच संस्थानांकडे येतो.

१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी झाल्याचा दरबार भरला. त्यात व्हाइसरॉय लिटनने मोठमोठ्या संस्थानिकांना रेशमी निशाणं दिली, त्यावर प्रत्येकाचं चिन्ह भरलेलं. ही चिन्हं आखली बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलरने, नव्वदच्या आसपास. सजावटीच्या कामात लॉकवूड किपलिंग होता, जो आधी मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा. निशाणं इतकी जड झाली होती की एकेक उचलायला दोन धिप्पाड सैनिक लागायचे असं तेव्हाच्या एका चित्रकाराने लिहून ठेवलंय.

यात एक गोष्ट मला खुपते आणि ती मोकळेपणाने सांगतो. ज्यांच्या घराण्यांना स्वतःचे झेंडे, निशाणं, मुद्रा होत्या त्यांना एका साहेबाने ढालीत बसवून 'हे तुमचं चिन्ह' म्हणून वरून दिलं. देणारा मोठा आणि घेणारा लहान हे त्या देण्यातच ठरून गेलं.

पण आतलं साहित्य बघा, ते मात्र आपलंच राहिलं. शिंद्यांचा नाग. मूळ पुरुष उन्हात झोपला असताना नागाने फणा धरून सावली केली ही कथा, भगव्या झेंड्यावर सूर्य आणि नाग आधीपासून. होळकरांकडे सूर्य, घोडा आणि नंदी, घोडा म्हटल्यावर जेजुरीचा खंडोबा डोळ्यांसमोर येतोच, होळकरांचं कुलदैवत. गायकवाडांचं ब्रीद 'जीन घर जीन तख्त', खोगीर हेच घर, खोगीर हेच सिंहासन. माझ्या मते मराठ्यांच्या अठराव्या शतकाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या तीन-चार शब्दांत झालेलं नाही. तो १८७७ चा दरबार बघायला सयाजीराव होते तेव्हा वय तेरा वर्षं, दत्तक येऊन दोन वर्षंही झालेली नव्हती.

आणि सगळ्यात सुंदर मला मेवाडचं वाटतं. ढालीच्या एका बाजूला राजपूत उभा आणि दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेला भिल्ल. बाकी जग तिथे सिंह, युनिकॉर्न, हत्ती उभे करतं. महाराणा प्रतापांच्या बरोबर जंगलात जे भिल्ल लढले त्यांना राजचिन्हात राजपुताच्या बरोबरीची जागा आहे.

---

मराठवाडी_माणूस:

आमच्याकडची एक. निजामाच्या झेंड्यावर मधोमध जो गोल होता तो कुलचा, म्हणजे रोटी. पहिला निजाम एका संताकडे गेला, त्यांनी जेवायला कुलचे दिले, याने सात खाल्ले, संत म्हणाले तुझं राज्य सात पिढ्या चालेल. ही गोष्ट आमच्या आज्याकडून ऐकलेली. राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, तो दिवस आमच्या घरी आनंदाचाच, पण गोष्ट म्हणून लक्षात राहिली.

---

भायखळा_ते_भुलेश्वर:

मुंबईचं राहिलं. सर जमशेटजी जिजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट (म्हणजे वंशपरंपरेने चालणारा 'सर' किताब) झाले, त्यांना जे चिन्ह मिळालं त्यात घाटाच्या डोंगरांमागून उगवणारा सूर्य आणि वर दोन मधमाश्या आहेत. ब्रीदवाक्याचा अर्थ उद्योग आणि औदार्य. हा माणूस लहानपणी आईबाप गेलेला, व्यापार करून मोठा झाला आणि मग हॉस्पिटल, धर्मशाळा, माहीमचा कॉजवे (तो लेडी जमशेटजींच्या पैशातून) हे सगळं झालं. मधमाश्या आणि सह्याद्री! पूर्वेकडे घाटातून उजाडतं हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. लंडनमधल्या ऑफिसात बनलेल्या चिन्हात आमचे डोंगर आले याचं मला कायम अप्रूप वाटतं. (आणि हो, मधमाशीने मध चीनच्या व्यापारातून जमवला, त्यात अफूही होती, हेही सांगितलंच पाहिजे, चिन्हात ते दिसत नाही.)

---

टेम्सकाठी:

इथे राहून काही गोष्टी जवळून बघितल्यात म्हणून लिहिते. पर्यटकांच्या दुकानांत आणि वेबसाईटवर आडनाव सांगा आणि तुमचं 'फॅमिली क्रेस्ट' घेऊन जा असा धंदा चालतो, मगवर, किचेनवर, चौकटीत. इंग्लंडात असं आडनावाला चिन्ह नसतंच. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या थेट वंशजांना चालतं. त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाचा त्यावर काही हक्क नाही. चिन्हं देणारी तिथली संस्था कॉलेज ऑफ आर्म्स, जे १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने स्थापन केलं, ते आजही हेच सांगतं. स्कॉटलंडमध्ये तर १६७२ च्या कायद्याने नोंदवही आहे आणि लॉर्ड लायनच्या (चिन्हांच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या) कोर्टात दुसऱ्याचं चिन्ह वापरल्याबद्दल कारवाई होऊ शकते.

आणि लोक यासाठी किती भांडायचे! १३८५ मध्ये स्कॉटलंडच्या मोहिमेवर असताना रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर या दोघांच्या लक्षात आलं की दोघांची ढाल एकच, निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा. खटला काही वर्षं चालला, शेकडो साक्षीदार, त्यात कवी चॉसरसुद्धा. १३९० मध्ये राजाने स्क्रोपच्या बाजूने निकाल दिला. ग्रोव्हनरने मग निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. पण सल गेला नाही, त्याच वंशातल्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने आपल्या शर्यतीच्या घोड्याचं नाव ठेवलं 'बेंड ऑर', म्हणजे तोच सोनेरी पट्टा, आणि तो घोडा १८८० ची डर्बी जिंकला. पाचशे वर्षांनी!

---

सह्यदूत:

डाव्या बाजूने तिरपा पट्टा असेल तर अनौरस संतती, असं वाचलं होतं. खरं का?

---

टेम्सकाठी:

@सह्यदूत, पूर्ण खरं नाही. काही राजांच्या अनौरस मुलांच्या ढालीवर आखूड तिरपी काठी आहे, पण वेगळ्या काळात वेगळ्या खुणा वापरल्या, ठरलेली अशी एक नाही. आणि डावी-उजवी ही ढाल धरणाऱ्याची धरतात, बघणाऱ्याची नाही, त्यामुळे फोटो बघून लोकांचा कायम घोळ होतो.

---

बर्फातली_बोरी:

मी कॅनडात असते. इथे १९८८ पासून चिन्हं देणारी स्वतःची अथॉरिटी आहे आणि सामान्य नागरिकही अर्ज करू शकतो, मुलींनाही मुलांसारख्याच वेगळ्या खुणा मिळतात. आमच्या घरात आता हा विषय खरंच चाललाय म्हणून हा धागा अधाशासारखा वाचला. माहेर सोलापूरकडचं, शेती जोंधळ्याची, सासर वारकरी, नवरा इथे पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मुलीला हे सगळं एका ढालीत हवंय. मी म्हटलं वीणा, कणीस, पूल, चंद्रभागा, मेपलचं पान, तुळस, सगळं घालूया. आणि रंग भगवा, त्यावर सोनेरी. कसं वाटतं?

---

गडवाट:

@बर्फातली_बोरी, वा, मनापासून आनंद झाला! पण सगळं घालू नका हो. चांगल्या ढाली बघा, एक किंवा दोन गोष्टी असतात, म्हणून तर लांबून ओळखू येतात. आणि भगव्यावर सोनेरी नियमात बसेल कदाचित, पण लांबून दिसणार नाही, दोन्ही रंग एकमेकांत मिसळतील. सोलापूरची जमीन काळी, तर ढाल काळी घ्या आणि त्यावर सोनेरी जोंधळ्याचं कणीस. काळ्यावर सोनं, नियमातही बसतं आणि दिसतंही झकास. मेपलचं पान मात्र मी घेणार नाही, तिथे ते सगळेच घेत असतील.

---

निळी_शाई:

कणीस एकच ठेवा आणि खाली चांदीच्या नागमोडी रेघा, पाण्यासाठी युरोपात तशाच काढतात, ती चंद्रभागा. वीणा तुऱ्यात वर घेता येईल. पूल राहतोय.

---

टेम्सकाठी:

पूल राहू नये, तो तर तिच्या वडिलांचा. नागमोडी रेघांच्या वर चांदीचा एका कमानीचा पूल आणि पुलावर कणीस उभं, असं केलं तर? एक सांगायचं म्हणजे अधिकृत असतं ते चित्र नाही तर शब्दांतलं वर्णन, चित्रकार ते आपापल्या पद्धतीने काढू शकतो. त्यामुळे अर्जात जोंधळा असं स्पष्ट लिहा आणि सोबत खऱ्या कणसाचा फोटो जोडा, नाहीतर तिथला चित्रकार गव्हाची ओंबी काढून मोकळा होईल.

---

बर्फातली_बोरी:

काळी ढाल, कणीस, पूल, नदी, वर वीणा. मुलीला आत्ताच वाचून दाखवलं, तिचं म्हणणं तुऱ्यात वीणेबरोबर तुळशीची मंजिरी पाहिजेच, आजीच्या गळ्यातली माळ तिला आठवते. ब्रीदवाक्य मराठीत, देवनागरीत देता येतं का ते विचारून इथेच कळवते. आणि आईला फोन करते, यंदाच्या सुगीतलं चांगलं भरलेलं कणीस निवडून फोटो पाठव म्हणून.